नाणं नको, नोट द्या

श्रोतेहो, नमस्कार.

परवा आपल्या मंगळवार बाजारात मेथी घेत होतो. दोन जुड्या, वीस रुपये. दहाची दोन नाणी पुढं केली, तर भाजीवाल्या मावशींनी हात मागं घेतला. "नाणं नको बघा दादा, कोण घेत न्हाई. नोट द्या." मी म्हटलं, मावशी, हे सरकारचंच आहे, खोटं नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "खोटं कोण म्हणतंय? पण पहाटे मार्केट यार्डात माल घ्यायला गेल्यावर तिथं घेतील का?"

पैशाला किंमत कशानं येते, याचं निम्मं उत्तर मावशींच्या या प्रश्नात आहे.

आधी त्या नाण्याचं स्पष्ट सांगतो. दहाची सगळी नाणी चालतात. १४ नमुन्यांची नाणी निघाली आहेत आणि ती सगळी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं. रुपयाचं चिन्ह असो वा नसो, नाणं खरंच.

आता खिशातली पाचशेची नोट काढा. धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचं वचन तिच्यावर छापलेलं आहे, खाली गव्हर्नरांची सही. हे वचन घेऊन तुम्ही बँकेत गेलात तर काय मिळेल? दुसरी नोट, नाहीतर सुटे पैसे. सोनं मिळणार नाही. मागं कुठलाही धातू देण्याची हमी नसलेल्या अशा चलनाला 'फिआट' चलन म्हणतात. शब्द लॅटिन आहे. अर्थ, 'होऊ दे'. म्हणजे हुकमानं चालणारा पैसा.

माझ्या आजीच्या डब्यात एक राणीछाप रुपया होता. साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त, बारा भागांतले अकरा भाग चांदी. फरशीवर टाकला की खणकन वाजायचा. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. चांदी गेली, तरी दुकानदारानं रुपयाला रुपयाच मानलं. जगात डॉलरचा सोन्याशी बांधलेला दोरही १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सोडला. आपल्याकडं कायद्यानं नोटांच्या मागं किमान २०० कोटींचा साठा लागतो, त्यात ११५ कोटींचं सोनं. आणि चलनात नोटा आहेत ३० लाख कोटींहून जास्त. रिझर्व्ह बँकेकडं प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त सोनं आहे, पण ते नोटेच्या बदल्यात द्यायला ठेवलेलं नाही.

मग नोट उभी कशावर? एक तर कायदा आहे. दुसरं म्हणजे कर. महापालिकेचा मिळकत कर तुम्हाला चादरी नेऊन देऊन भरता येत नाही, रुपयेच लागतात. म्हणून रुपयाची गरज प्रत्येकाला पडते.

पण नुसत्या हुकमानं भागत नाही. महंमद तुघलकानं तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याइतकी माना, असं फर्मावलं. लोकांनी घरोघरी तसली नाणी पाडली. शेवटी सुलतानाला ती खजिन्यात परत घेऊन चांदी मोजावी लागली. नोटा किती काढायच्या याचा लगाम सुटला, की हुकूम पोकळ होतो. जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. पगार हातात पडला, की लोक धावत दुकान गाठायचे. संध्याकाळपर्यंत भाव चढलेला असायचा.

हा लगाम मला जिव्हाळ्याचा वाटतो, कारण माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पाण्यात भिजवून कापलेली पानं, आणि हजार विड्यांमागं ठरलेली मजुरी. ती मजुरी वाढायला कित्येक महिने लागत. तेल आणि ज्वारी मात्र थांबत नसत. ज्याच्याकडं जमीन आहे, सोनं आहे, त्याला महागाईत आडोसा असतो. हजारीवर मजुरी घेणाऱ्या बाईला तो नसतो. तिच्या मुठीतली नोट तीच राहते आणि पिशवी हलकी होते. म्हणूनच २०१६ पासून आपल्याकडं महागाई चार टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के इकडंतिकडं ठेवण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर कायद्यानं टाकलेली आहे. ही बातमी वर्तमानपत्राच्या व्यापाराच्या पानावर येते. माझ्या मते ती पहिल्या पानावर यायला हवी.

आणि आता मावशींच्या प्रश्नाकडं. मार्केट यार्डातले कुणी अडते, व्यापारी हे भाषण ऐकत असतील, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: उद्या पहाटे कुणी भाजीवाली दहाची नाणी घेऊन आली तर ती घ्या. तुम्ही घेतलीत, की ती माझ्याकडून घेईल.