दिवस गेल्यावर मिळणारा विमा

नमस्कार श्रोतेहो. टेक्सासमधली एक बाई डोळ्यांपुढे आणा. वय २६, कृष्णवर्णीय, एका खानावळीत अर्धवेळ नोकरी. मूल नाही, विमाही नाही. औषधाच्या दुकानात कोपऱ्यात बीपीचं फुकट यंत्र असतं, त्यात ती हात घालते. पट्टा आवळतो, सुटतो आणि आकडा उमटतो: १५० वर ९५. ती तो बघते आणि घरी जाते. डॉक्टर गाठायचा तर पदरचे पैसे मोजावे लागणार.

गरिबांसाठी तिथे मेडिकेड ही सरकारी विमा योजना आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, १९६५ पासून. देशातल्या सुमारे ४० टक्के बाळंतपणांचा खर्च तीच योजना उचलते. पण टेक्सासमध्ये धडधाकट, बिनमुलांच्या प्रौढाला ती मिळत नाही, मग मिळकत कितीही तुटपुंजी असो. २०१० मध्ये ओबामांच्या कायद्याने ही अट मोडायची ठरवली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास, मिसिसिपी, अलाबामा ही दक्षिणेतली राज्यं अडूनच बसली. अर्ध्याहून जास्त कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेत राहतात, हे इथे लक्षात घ्या. आणि गंमत बघा, हिची कमाई दारिद्र्यरेषेच्या खाली, म्हणून खासगी विम्यावरची सरकारी सवलतही हिला नाही. थोडी जास्त कमावती असती, तर मिळाली असती!

दिवस गेले की मात्र दार उघडतं. पण बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आसपास मिटलेली असते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ही नळी नीट मिटावी म्हणून घ्यायची फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याच्या आधी महिनाभर सुरू व्हायला हवी. हे ओळखून अमेरिकेने १९९८ पासून मैद्यासारख्या पिठांत ते मिसळणं सक्तीचं केलं. टॉर्टियाच्या, म्हणजे मेक्सिकन पोळीच्या, मक्याच्या पिठात मिसळायला परवानगी मिळाली ती २०१६ मध्ये. मेक्सिकन घरांतल्या बायका तोवर अठरा वर्षं थांबल्या. बीपी आणि साखर तर वर्षानुवर्षं सांभाळायच्या गोष्टी. साचलेलं सगळं नऊ महिन्यांत कोण निस्तरणार?

२०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या माता दगावल्या १४.५, कृष्णवर्णीय ५०.३.

सगळा दोष विम्याच्या माथी मारता येणार नाही. कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सला कशाची कमतरता होती? २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तिचा श्वास अडला. गुठळ्यांचा त्रास तिला आधीपासूनचा, म्हणून तिने स्वतःच सीटी स्कॅन मागितला. आधी तिचं बोलणं मनावर घेतलं गेलं नाही. स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या.

आपल्या खानावळीतल्या बाईकडे परत येऊ. समजा, ती बाळंत झाली. पूर्वी हा विमा ६० दिवसांत संपायचा. २०२१ च्या कायद्याने राज्यांना तो वर्षभर चालवायची मुभा दिली आणि २०२४ पासून टेक्सासही तो देतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास तो बंद होतो. आता ती आई आहे, म्हणून तिला मेडिकेड पुन्हा मागता येतं. मात्र त्यासाठी तिची मिळकत महिन्याला काहीशे डॉलरच्या आत असावी लागते. खानावळीत थोडे जास्त तास भरले, की तेही गेलं.