टाके निघाले, आता पाय टेकू का?

रावेर-यावलकडं केळीच्या बागेत पावसाळ्यात पाय घसरून घोटा मोडणं काही नवीन नाही, ऑपरेशन होतं, प्लेट-स्क्रू बसतात आणि टाके निघाले रे निघाले की ओपीडीत ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, आते पाय टेकू का?"

घरात उत्तरं आधीच तयार असतात. आजी म्हणते सव्वा महिना खाट सोडायची नाही, शेजारचा म्हणतो आमच्या भाऊने तर आठव्या दिवशी फटफटी काढली होती. दोघांनाही चहा पाजा आणि सोडून द्या.

एक्सरेत चकचकीत दिसते ती प्लेट हाड जोडत नाही बरं का, ती फक्त जागेवर धरून ठेवते, जोडायचं काम हाड स्वतः करतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून पूर्वी सरसकट सहा आठवडे पाय अधांतरी. आता थोडं बदललंय. ब्रिटनमध्ये ५६१ पेशंटवर केलेली वॅक्स नावाची ट्रायल २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, निम्म्यांनी दोन आठवड्यांनी वजन टाकायला सुरुवात केली, निम्म्यांनी सहा आठवड्यांनी, आणि चार महिन्यांनी बघितलं तर लवकर टाकणारे कुठंच मागे नव्हते.

पण हे वाचून लगेच उठू नका. दोन हाडांना बांधणारं लिगामेंट फाटलंय म्हणून आडवा स्क्रू टाकला असेल, हाड ठिसूळ असेल, किंवा जुन्या शुगरने तळपाय बधिर असेल, तर जास्त थांबावं लागतं, बधिर पायाला तर कधीकधी दुप्पट. तेव्हा तारीख विचारण्याआधी डॉक्टरांना हे विचारा की माझं नेमकं काय काय मोडलं होतं.

परवानगी मिळाली तरी पहिल्याच दिवशी अख्खं वजन नाही. डॉक्टर म्हणतात वीस किलो टाका, पण वीस किलो कळणार कसं? घरचा वजनकाटा घ्या, बाजूला तेवढ्याच उंचीचा पाट, चांगला पाय पाटावर, ऑपरेशनचा काट्यावर, वॉकर घट्ट धरून हळूहळू दाबा, आकडा विसावर आला की तो दाब लक्षात ठेवा.

उकिडवं बसणं मात्र सगळ्यात शेवटी येतं, तोवर संडासात कमोडची खुर्ची लावा, लाज कसली त्यात. कपाशीच्या ढेकळातून चालणं तर त्याच्याही नंतर. संध्याकाळी घोटा सुजणं काही महिने चालतं, पाय उशीवर ठेवला की उतरतं. पण पोटरी अचानक दुखून फुगली तर त्याच दिवशी दवाखाना, आणि छातीत दुखलं किंवा दम लागला तर १०८ ला फोन, बस पकडून जळगाव गाठू म्हणू नका.