हेडमधली घरघर: कॅमशाफ्टची बेअरिंग बदलताना

पुढचं मडगार्ड पिवळं, म्हणजे गाडी पायलटाची, मोटारसायकल टॅक्सीवाल्याची. गोव्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हापसा असो, मडगाव असो की फोंडा, या गाडीचा दिवस सारखाच: दोन-तीन किलोमीटरची फेरी, मग स्टँडवर थांबणं, पुन्हा किक. इतक्या कमी अंतरात तेल पुरतं तापत नाही. जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो त्याचं इंजिनात पाणी होतं, आणि ते उडून न जाता तेलातच मुरतं. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावण्याच्या जागेचं, झाकण काढलं की आतून पांढरट साय दिसते. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; तो इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, फिरतो. त्याची बेअरिंग याच तेलावर जगतात.

आपण बघतोय ते १०० ते १५० सीसीचं, एका सिलिंडरचं इंजिन, ज्याच्या कॅमशाफ्टला दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग आहेत. काही जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट थेट हेडच्या ॲल्युमिनियमवर फिरतं. तिथलं काम वेगळं.

आवाज आधी ओळखायला हवा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडला आणि मूठ कानाला लावा. टॅपेट टिकटिकतो. बेअरिंग घरघरतं, आणि रेस वाढवली की घरघर वाढते. टॅपेट सेट करूनही आवाज तसाच असेल तर हेड उतरवायचं.

उतरवण्याआधी मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावरच्या चाकावरची) टी खूण केसवरच्या खाचेसमोर आणा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर येतो. दोन्ही रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे हात) सैल लागले पाहिजेत. नसतील तर क्रँक आणखी एक फेरा फिरवा, कारण क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. चेन ताणून धरणारा टेन्शनर आधी काढा, मग कॅमशाफ्टच्या टोकावरच्या स्प्रॉकेटचे (दातेरी चाकाचे) बोल्ट. क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग चेनला लगेच तार बांधा. चेन आत पडली की ती वर काढण्यात वेळ जातो, आणि खाली दात सोडून अडकली तर वेगळीच डोकेदुखी.

(दृश्य: बाकावर काढून ठेवलेलं कॅमशाफ्ट)

बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन हाताने फिरवा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. कोरड्या बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या कडीवर) त्यानेच ओरखडे पडतात. बोटांना खरखर लागली, अडकल्यासारखं वाटलं, तर ते गेलं. कित्येक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत, गोळी जिथे टेकलेली असते नेमकं तिथेच गंजाचं बारीक टिंब सापडतं. कॅमचे उंचवटे आणि रॉकरची टेकती बाजूही आताच बघा. तिथे खड्डे असतील तर नवं बेअरिंग घालूनही आवाज जाणार नाही.

आता हेडमधलं बेअरिंगचं घर. आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ३५ मिमीचं घर ८० अंशांनी तापलं की बेअरिंगपेक्षा साधारण ०.०३ मिमी जास्त मोठं होतं. थंड असतानाच बेअरिंग सैल बसत असेल तर तापल्यावर त्याची बाहेरची रेस घरात फिरू लागते आणि घर झिजतं. आत चकचकीत, गुळगुळीत पट्टा दिसला की समजायचं, रेस फिरली आहे. अशा वेळी घराला पंचाने टोचे मारून बेअरिंग घट्ट बसवण्याची पद्धत आहे. ती करू नका. टोच्यांची टोकं थोड्या दिवसांत दबतात, आणि बेअरिंग तिरकं बसतं ते वेगळंच. घर थोडंच सैल असेल तर बेअरिंग पक्कं धरणारं रिटेनिंग कंपाउंड चालतं. लंबगोल झालं असेल तर चांगल्या लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या, नाहीतर हेड बदला.

जुनं बेअरिंग पुलरने ओढा. उंचवट्याच्या मागे जागा कमी असते, म्हणून दोन अर्धुकांची चिमटा-प्लेट लागते. छिन्नीने उचकटलं की शाफ्टवर व्रण पडतो. काही कॅमशाफ्टना किकचा भार हलका करणारी डिकॉम्प्रेसरची यंत्रणा असते. तिचे भाग ज्या क्रमाने निघाले तसेच मांडून ठेवा.

नवं बेअरिंग जुन्यावर कोरलेला नंबर वाचूनच घ्या. ६००२ म्हणजे १५ मिमी भोक, ३२ मिमी बाहेरचा व्यास, ९ मिमी रुंदी. ६२०२ चं भोक तेवढंच, पण बाहेरून ३५ आणि रुंदी ११. पुढे सी-३ (आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक) लिहिलं असेल तर तेही जुळवा. मूळ बेअरिंग उघडं असेल तर रबरी सीलचं घालू नका. सील इंजिनाचं तेल आत येऊ देत नाही.

(दृश्य: तेलाच्या भांड्यात तापणारं बेअरिंग)

बसवताना हातोडा नको. बेअरिंग तेलात १०० अंशांपर्यंत तापवा. १५ मिमीचं भोक ७० अंशांनी तापून जेमतेम ०.०१२ मिमी वाढतं, पण तेवढं पुरतं. घट्ट गेलंच तर फक्त आतल्या रेसवर टेकणारा पाइप ठेवून दाबा. बाहेरच्या रेसवर ठोकलं की सगळा मार गोळ्यांतून जातो आणि नव्या रेसवर खळगे पडतात. शाफ्टच्या खांद्याला (जाड झालेल्या पायरीला) टेकल्यावर लगेच सोडू नका. थंड होताना बेअरिंग खांद्यापासून किंचित सरकतं, म्हणून निवेपर्यंत दाबून धरा. नंतर फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या संचाची) सगळ्यात पातळ पात मध्ये जाते का बघा. ती जाता कामा नये.

हेड बांधण्याआधी तेल हेडपर्यंत नीट पोचतंय का ते तपासलंच पाहिजे, नाहीतर नवी बेअरिंगही त्याच वाटेने जातील. केसमधली चाळणी काढा, पंप तपासा, हेडकडे जाणारं तेलाचं भोक पेट्रोल आणि हवेने साफ करा. गॅस्केटला थापलेली सिलिकॉन पेस्ट या भोकात शिरलेली बरेचदा सापडते.

कॅमच्या उंचवट्यांवर आणि बेअरिंगवर तेल ओता, टायमिंगच्या खुणा जुळवा. ६ मिमीच्या साध्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरे. प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्येच घट्ट अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. टॅपेट इंजिन थंड असताना लावा. अशा गाड्यांत फट साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना टॅपेटचं झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवत रॉकरपाशी तेल येतंय हे डोळ्यांनी बघा. येत नसेल तर तिथेच बंद करा. ५०० किलोमीटरला तेल बदला, चाळणी पुन्हा काढा आणि तिच्यात चंदेरी भुकटी आहे का ते उन्हात धरून बघा.