डॉक्टरांच्या चित्रातली गर्दी

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळ. पुलावरून उतरणारी माणसं. काही सेकंद फक्त पावलांचा आवाज.)

हे ठाणे. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी इथं येऊन थांबली होती. तेव्हापासून या स्टेशनात माणसं चढतायत, उतरतायत. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला ती दिसेनाशी होतात. ज्याचा खांदा कुर्ल्यापर्यंत आपल्या छातीला टेकलेला होता, त्याचा चेहरा डब्यातून उतरल्यावर आठवत नाही.

या माणसांकडे जवळजवळ पन्नास वर्षं नीट पाहत आलेला एक चित्रकार याच ठाण्यात डॉक्टर म्हणून काम करत होता. सुधीर पटवर्धन.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीचं रेखाटन. वाकलेली पाठ, मग खांदा.)

जन्म पुण्याचा, 1949 सालचा. शिक्षणही पुण्यातच, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात. 1972 साली ते तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी मुंबईला आले. मुंबईचं जे.जे. किंवा बडोद्याचं कला महाविद्यालय त्यांच्या वाट्याला आलं नाही. चित्रकलेचं औपचारिक शिक्षण शून्य. सेझान, लेजे अशा फ्रेंच चित्रकार-गुरूंची शिकवणी चित्रं पाहून, त्यांना फी न भरता झाली. मार्क्सवादी विचारांचा ठसा त्याच काळातला. श्रम करणारा माणूस चित्राच्या मधोमध यावा, ही ओढ तिथून आली असावी.

1975पासून 2005पर्यंत, सलग तीस वर्षं, पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. चित्रकाराच्या चरित्रात असल्या नोकरीधंद्याला सहसा एक ओळ मिळते. इथं मात्र थोडं थांबू या.

(दृश्य: अंधाऱ्या खोलीत उजळलेली पांढरी काच. तिच्यावर छातीची फिल्म लावणारे हात.)

क्ष-किरण अंगातून आरपार जातात. हाड त्यांना अडवतं, म्हणून फिल्मवर हाड पांढरं उमटतं. फुप्फुसांत हवा असते, ती काळी दिसते. कातडी, चेहरा, कपडे, जात, पगार यातलं काहीच उरत नाही. टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला सूचना त्याच: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. हमाल असो की हेडक्लार्क, त्या क्षणी दोघंही सारखेच अवघडलेले.

दिवसा असं आतलं पाहणारा माणूस संध्याकाळी कॅनव्हाससमोर उभा राहतो, तेव्हा तो बाहेरचं सगळं परत गोळा करतो. शर्टाची चुरगळ, पोटाचा घेर, झिजलेली चप्पल, थकलेल्या मानेचा कोन. पटवर्धनांच्या आकृत्या जाड आणि जड असतात. कुणी बसलं की खुर्चीला भार जाणवतो. त्यांना हाडं आहेत हे कळतं, आणि ती हाडं दमली आहेत हेही कळतं. हा डॉक्टरी नजरेचा वारसा आहे असं मला वाटतं. अर्थात ही माझी समजूत.

(दृश्य: 'इराणी रेस्टॉरंट' हे चित्र. कॅमेरा अगदी हळू मागे येतो.)

हे 1977 सालचं 'इराणी रेस्टॉरंट'. तेव्हाची मुंबई आठवा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे दिल्लीला गेले होते, पण या शहरात अमूर्त चित्रकलेचा दबदबा कायम होता. चित्रात ओळखू येणारा माणूस काढणं बऱ्याच जणांना जुनाट वाटे. त्यातही इराण्याकडे बसलेला, कुठल्याही अर्थानं विशेष नसलेला माणूस! पटवर्धनांनी त्याला जवळजवळ पुतळ्याचा मान दिला.

1979 साली त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन दिल्लीत, नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या 'आर्ट हेरिटेज' या गॅलरीत झालं. दोन वर्षांनी, 1981मध्ये, 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत भरलं. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधुरी, नलिनी मलानी आणि पटवर्धन असे सहा जण. समीक्षक गीता कपूर त्यांच्या पाठीशी. माणूस आणि त्याची गोष्ट चित्रात परत आणायची, हा सगळ्यांचा सूर. या सहांत एक चार्टर्ड अकाउंटंट होता, खख्खर, आणि एक डॉक्टर. इकडे मुंबईत पटवर्धनांना आणखी एक डॉक्टर सोबती होता: कवी, नाटककार आणि चित्रकार गीव्ह पटेल. दवाखाना सांभाळून रंगात हात घालणारी ही जोडी मुंबईच्या चित्रकलेत दुसरी सापडायची नाही.

(दृश्य: लोकलच्या दारातून मागे पळणारे रूळ.)

'ट्रेन' 1980चं. 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' 1981चं. दुसऱ्याच्या नावातच टोचणी आहे. कामगार दिन, आणि रेल्वेचा अपघात. पुढच्याच जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि परत जायला गिरण्या उरल्या नाहीत. ज्या कामगाराला पटवर्धन चित्राचा नायक करत होते, तो नायक शहरातूनच हलवला जाऊ लागला.

मग ते काय करतात? कॅमेरा मागे नेतात. एकट्या माणसाच्या जागी आता वस्ती, नाला, डोंगर, अर्धवट इमारती. 'पोखरण' हे चित्र त्यातलंच. नाव ऐकून राजस्थान आणि अणुस्फोट आठवेल, पण ठाणेकरांना सांगायला नको, पोखरण रोड घरासमोरचा आहे.

(दृश्य: 'रायट' हे चित्र. संगीत नाही.)

1992च्या डिसेंबरात आणि 1993च्या जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा 900 आहे. 'रायट' हे चित्र आलं 1996 साली. मधली तीन वर्षं मला महत्त्वाची वाटतात. गर्दीवर इतकं प्रेम केलेल्या चित्रकाराला त्याच गर्दीच्या हातात दगड पाहावे लागले. यानंतरच्या चित्रांत माणसांमध्ये अंतर पडलेलं दिसतं. मध्यमवर्गीय घराच्या खोल्या येतात, म्हातारपण येतं, चित्रकार स्वतः येतो. 2001च्या 'लोअर परळ'मध्ये पुन्हा रस्ता आहे, माणसं आहेत, पण गिरणगाव आता दुसऱ्याच कुणाचं व्हायला लागलंय.

(दृश्य: प्रदर्शनाची रिकामी भिंत. मजूर चौकट उचलून लावतायत.)

एक प्रश्न त्यांना सुरुवातीपासून छळतो. आपण ज्यांना रंगवतो, त्यांना त्या आकृतीत स्वतःला ओळखता यावं, ही इच्छा त्यांनी स्वतः मांडलेली आहे. पण सेकंड क्लासचा प्रवासी काळा घोड्याच्या गॅलरीत शिरतो का? दाराशी रखवालदार नसला, तरी त्या काचेच्या दाराचीच भीती वाटते.

2008च्या सुमारास पटवर्धनांनी एक उद्योग केला. स्वतःची चित्रं बाजूला ठेवून, देशातल्या समकालीन चित्रकारांच्या कामाचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं. मुंबईबाहेर, जिथं मूळ चित्र प्रत्यक्ष पाहायला मिळणं दुर्मीळ. छापील पानावरची प्रतिकृती आणि समोरचा कॅनव्हास यात फरक काय, हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या कारकिर्दीतलं हे काम कुठल्याही मोठ्या चित्राइतकं मोठं मानावं. समीक्षक मानतातच असं नाही.

2014 साली 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' झालं, सात फलकांचं, शहराचे थर उलगडणारं. पुढं 2019च्या नोव्हेंबरात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सिंहावलोकन प्रदर्शन भरलं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी', नॅन्सी अदजानियांच्या मांडणीतून. कावसजी जहांगीर हॉलच्या त्या गोल जिन्यानं वर चढत जायचं आणि प्रत्येक मजल्यावर पुन्हा तीच माणसं भेटायची, थोडी अधिक वयस्कर झालेली.

(दृश्य: ठाणे स्टेशन. रिकामा फलाट. पंखे बंद.)

फेब्रुवारी 2020मध्ये प्रदर्शन उतरवलं. मार्चमध्ये लोकल थांबल्या. या फलाटावर कुणी नव्हतं. 71 वर्षांचे पटवर्धन घरी बसून चित्रं काढत होते.