फुंकणी, चूल आणि भेरू घाट

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय ‘ट्रेलर ओढणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपसाठी टर्बोची निवड’ असा छापला आहे. निवडीकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपण ऐकून घ्यावी, कारण इंदुरात पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरावा तितक्या सहजतेने जुन्या गाडीला मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बसवून मिळतो आणि तो तिला पचेल का, हे कोणी विचारत नाही.

माझ्या पिकअपला एका मिस्त्रीने पंपाचा स्क्रू पिळून इंधन वाढवून दिले होते. ट्रेलरवर जनरेटर लादून मी धामनोदहून इंदूरकडे निघालो आणि भेरू घाट चढू लागताच आरशात ट्रेलरवरची निळी ताडपत्री काळ्या धुरात दिसेनाशी झाली. मागच्या ट्रकवाल्याने जे उद्गार काढले, ते या सभागृहात उच्चारण्याजोगे नाहीत. संधिप्रकाशात बॉनेट उघडले, तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारा नळ, निखाऱ्यासारखा तांबूस दिसत होता, आणि घाबरून मी इंजिन तत्काळ बंद केले. पुढे टर्बो उतरवला, तेव्हा त्याचा दांडा बोटाने हलवता येत होता आणि पात्यांच्या कडा घरावर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, घासून झिजल्या होत्या. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तापलेले इंजिन एकदम बंद केले की तेल थांबते आणि बेअरिंगमध्येच जळून त्याचा कोळसा होतो.

चूल पेटवणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे की हवा न वाढवता लाकडे कोंबली तर धूरच वाढतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते; परंतु सिलिंडरात मिसळण्यास वेळच नसल्यामुळे प्रत्यक्षात १८ किलोंच्या आसपास काळा धूर दिसू लागतो. टर्बो म्हणजे फुंकणी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतले, ते वाया जाणाऱ्या धुराकडूनच ही फुंकणी फुंकवून घेण्यासाठी.

मिस्त्रीचे उत्तर अर्थातच ‘मोठा टर्बो’ हे होते. तोही मी बसवला. सपाट रस्त्यावर गाडी झकास पळाली, पण त्याच घाटात तिसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, त्याची टर्बाइन, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी चक्की, फिरायलाच तयार नव्हती, आणि हवा येईपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरवर आली होती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा मुख्य मुद्दे घाईने सांगतो. ओढणारी गाडी १८०० ते २५०० फेऱ्यांत राबते, म्हणून त्या टप्प्यात दाब देणारा टर्बो निवडावा, वरच्या फेऱ्यांत शर्यत जिंकणारा नव्हे. टर्बाइनचे घर फार लहान घेतल्यास धुराची कोंडी होऊन उष्णता वाढते, म्हणून जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, ठीक चालते ना, हे पाहावे. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर नवा टर्बो घेण्याआधी तो बसवून घ्यावा, कारण दाबलेली हवा तापून विरळ होते. टर्बाइनपूर्वी उष्णतामापक लावावा आणि काटा ७०० अंश सेल्सिअसपलीकडे रेंगाळू लागला की पाय उचलून गिअर खाली घ्यावा. पिस्टनचे ॲल्युमिनियम शुद्ध असले तरी ६६० अंशांना वितळते, आणि ते टिकते केवळ आत येणारी हवा व खालचे तेल त्याला सतत निववते म्हणून. क्लच, ब्रेक आणि ट्रेलरचे वजन उत्पादकाच्या मर्यादेतच असावे, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असे फेरफार मनाला येतील तसे करता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

माझ्या पिकअपला सध्या मूळ मापाचाच टर्बो आहे, सोबत इंटरकूलर आणि काटा. स्क्रू मी परत मूळ जागी आणवला, आणि घाट संपल्यावर दोन मिनिटे इंजिन रिकामे चालू ठेवून, मगच चहाला उतरतो.