बुकबाइंडरचा मुलगा, दरबाराचा वादक

फिनलंडच्या किनाऱ्यावरचं हे उसिकौपुंकी. 1775 मध्ये इथल्या एका गरीब बुकबाइंडरच्या घरी बर्नहार्ड क्रुसेल जन्मला. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता.

आठव्या वर्षी घरच्यांबरोबर तो नुर्मियार्वीला आला. तिथे मित्राची क्लॅरिनेट, म्हणजे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य, हाती लागली आणि पोरगा नुसतं ऐकून ऐकून वाजवू लागला. 1788 मध्ये तो हेलसिंकीसमोरच्या बेटांवरल्या किल्ल्यात, लष्करी बँडमध्ये दाखल झाला. तिथून स्टॉकहोम. 1793 मध्ये दरबारी वाद्यवृंदात क्लॅरिनेटवादकाची जागा मिळाली, आणि 1833 पर्यंत ती त्यांनी सांभाळली. चाळीस वर्षं!

शिकणं मात्र थांबलं नाही. बर्लिनला जाऊन ते क्लॅरिनेटवादक फ्रान्झ टाउशकडे क्लॅरिनेट शिकले, 1803 मध्ये पॅरिसला संगीतकार गोसेककडे संगीतरचनेचे धडे घेतले.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी रीड असते, फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी. त्या काळी अनेक वादक ती वरच्या ओठाला लावून वाजवत. क्रुसेलही तसेच वाजवायचे. नाव झाल्यानंतर त्यांनी माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, उलटा फिरवला आणि रीड खालच्या ओठावर घेतली. हात बसलेला असताना ओठांची सगळी सवय मोडायची, साधा लांब सूर पुन्हा घोटायचा, याला काय धीर लागतो ते फुंकून वाजवणाऱ्यालाच कळेल. त्यांना स्वर गाता हवा होता, म्हणून हा खटाटोप.

तो गाता स्वर त्यांच्या तिन्ही क्लॅरिनेट कन्चेर्टोंमध्ये, म्हणजे एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनांमध्ये, आहे. दुसऱ्याचा, एफ मायनरचा, संथ भाग ऐका. एक ओळ येते, आणि तीच लगेच अगदी हळू, प्रतिध्वनीसारखी परतते. श्वासावर पूर्ण ताबा असलेल्या माणसालाच असं लिहायला सुचतं.

या कन्चेर्टोची अर्पणपत्रिका रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याच्या नावे आहे. 1809 मध्ये स्वीडनने रशियाशी झालेल्या युद्धात फिनलंड गमावला होता. क्रुसेलांचं जन्मगाव आता झारच्या अमलाखाली होतं. ते स्वतः स्टॉकहोममध्येच राहिले. मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराचं स्वीडिश भाषांतर केलं, 1824 मध्ये स्वतःचा ऑपेरा रंगमंचावर आणला. 1838 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

पुढे बराच काळ त्यांचं संगीत मागे पडलं, ही खरोखर खंत वाटावी अशी गोष्ट. 1984 मध्ये एमा जॉन्सन या तरुण ब्रिटिश वादिकेने हाच एफ मायनर कन्चेर्टो वाजवून बीबीसीची युवा संगीतकार स्पर्धा जिंकली. उसिकौपुंकीत आता दर उन्हाळ्यात क्रुसेल सप्ताह भरतो आणि जगभरचे क्लॅरिनेटवादक तिथे वाजवायला येतात.