आल्याचा झणका आणि सोड्याचा फेस

(वाशीतील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, जिंजर बिअर आणि जिंजर एल या आल्याच्या फसफसत्या पेयांच्या बाटल्या आता आपल्या वाशीतल्या मोठ्या दुकानांत शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. बहुतेकांना त्या एकच वाटतात. पण मुळात एकीतला फेस यीस्टने आणलेला, तर दुसरीतला यंत्राने भरलेला. आजच्या बऱ्याच जिंजर बिअरमध्येही वायू बाहेरूनच भरतात, म्हणून हा फरक विसरला गेलाय.

जिंजर बिअर आधीची. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये ती घरोघरी होऊ लागली. आलं काही तिथलं पीक नव्हे, ते आपल्या आशियातलं. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात जमैकात नेऊन लावलं. जमैकाची सुंठ आणि कॅरिबियन बेटांवरची साखर ब्रिटनमध्ये पोचली, तेव्हा हे पेय शक्य झालं. ती साखर गुलामांच्या कष्टांवर पिकत होती, हे इथे सांगायलाच हवं.

साखरपाण्यात आलं घालून ते आंबवायचं कशाने? त्यासाठी पांढुरके, अर्धपारदर्शक दाणे वापरत. त्यांना म्हणत 'जिंजर बिअर प्लांट'. आपल्याकडे विरजण मागून आणतात, तसे हे दाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरत. नावात प्लांट असलं तरी ती वनस्पती नव्हे. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवून दिलं, की हा यीस्ट आणि जिवाणूंचा एकत्र संसार आहे. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, थोडं अल्कोहोलही तयार होतं; जिवाणू आंबटपणा आणतात. याच वॉर्डने त्याआधी सिलोनमध्ये कॉफीच्या तांबेऱ्याचा अभ्यास केला होता. मला हा माणूस फार मोठा वाटतो. स्वयंपाकघरातल्या बरणीकडे त्याने प्रयोगशाळेतल्या नमुन्याइतक्याच गांभीर्याने पाहिलं.

फेसाची दुसरी वाट, म्हणजे यंत्राची, इंग्लंडमधल्या लीड्समधून निघाली. तिथे जोसेफ प्रीस्टली हा शास्त्रज्ञ बिअरच्या कारखान्याशेजारी राहायचा. आंबवणाच्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मुरवता येतो, हे त्याने १७६७ मध्ये पाहिलं. पुढे सोडावॉटरचा धंदा उभा राहिला आणि यीस्टची वाट पाहण्याची गरज संपली. एकोणिसाव्या शतकात बेलफास्टमध्ये सोनेरी, गोडसर जिंजर एल आली. १९०४ मध्ये टोरांटोच्या जॉन मॅकलॉक्लिनने फिकट, कमी गोड 'ड्राय' जिंजर एल तयार केली. तीच 'कॅनडा ड्राय'. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. चोरट्या दारूची वाईट चव झाकायला ही एल सोयीची पडली आणि तिचा खप वाढला. माझं स्पष्ट मत आहे, की या प्रवासात आलं मागे पडलं. पेय मिळमिळीत झालं.

कायदा शिकणाऱ्यांना ही बाटली वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधल्या पेस्लीत मे डोनह्यू या बाईंसाठी मैत्रिणीने आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं दिसेना. अर्धी संपल्यावर उरलेली ओतली, तर त्यातून कुजलेली गोगलगाय पडली, असा त्यांचा दावा होता. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे बाईंचा दुकानदाराशी करारच नाही. मग दाद कुणाकडे मागायची? १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं, की उत्पादकाने शेवटच्या ग्राहकाचीही काळजी घेतली पाहिजे. गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. तत्त्व मात्र आपल्या न्यायालयांपर्यंत पोचलं.

झणक्याबद्दल थोडं. ताज्या आल्यात जिंजरॉल असतं. आलं वाळलं की त्यातल्या काही भागाचं शोगाओल होतं, ते अधिक तिखट. म्हणून नुसत्या ताज्या रसापेक्षा चिमूटभर सुंठ घातलेलं पेय घशात जास्त रेंगाळतं.

घरी करायचं असेल, तर आपल्या साताऱ्याचं आलं धुऊन सालासकट किसा, कारण रानटी यीस्ट सालावरच असतं. रोज थोडं आलं आणि साखर पाण्यात घालत जा. आपल्या उबदार हवेत बुडबुडे लवकर धरतात. मग ते पाणी गाळून आल्याच्या गोड, थंड केलेल्या काढ्यात मिसळा. काचेची बाटली नको, दाबाने फुटते. प्लास्टिकची घ्या, ती दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट मरत नाही, फक्त मंदावतं. तेव्हा आठवडाभरात संपवा, लहान मुलांना देऊ नका आणि झाकण मोरीत धरूनच उघडा.